काटा ऐंशीच्या जरा वर

गाडी घरी आणली त्या दिवशी बाबांनी तिला हातही लावला नाही. गॅलरीतून खाली वाकून बघितलं, "हं, एकशे चोवीस," एवढंच म्हणाले आणि राहिलेला चहा संपवायला आत गेले.

२०१९च्या डिसेंबरमध्ये मी सव्वादोन लाखांना १९९६ची मर्सिडीज घेतली होती. ई २५० डिझेल, रंग कधीकाळी पांढरा, किलोमीटर २ लाख १० हजार. कारखान्याच्या भाषेत या गाडीचं नाव डब्ल्यू १२४. आईने सोसायटीत पेढे वाटले. गाडी माझ्यापेक्षा फक्त चार वर्षांनी लहान आहे, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

बाबांना तो आकडा माहीत असण्याचं कारण साधं होतं. त्यांची सगळी नोकरी पिंपरीच्या टेल्कोत गेली. टेल्कोचं आणि जर्मन कंपनीचं नातं जुनं. १९५४ ते १९६९ या काळात टाटांचे ट्रक जर्मन सहकार्याने बनायचे आणि त्यांच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असायचा. पुढे १९९४मध्ये दोघांनी मिळून मोटारींची कंपनी काढली आणि १९९५पासून पिंपरीत, टेल्कोच्याच आवारात, डब्ल्यू १२४ जुळू लागली. सुटे भाग जर्मनीहून यायचे, इथे गाडी उभी राहायची. बाबा तेव्हा ट्रकच्या शॉपमध्ये होते. भोंगा झाल्यावर गेटबाहेर पडताना ट्रेलरवर चढवलेल्या त्या गाड्या त्यांना दिसायच्या. घरी आल्यावर ते आईला सांगायचे, "आज पाच गेल्या." मी शाळेतही जात नव्हते, पण ते "पाच गेल्या" माझ्या डोक्यात राहिलं.

तर ही गाडी मी घेतली ती अशी. बाबांसाठी घेतली असं मी तेव्हा लोकांना सांगायचे. खरं सांगायचं तर मला ती स्वतःसाठी हवी होती. ती घेताना त्यांना विचारलंही नव्हतं.

वाचन मात्र भरपूर केलं होतं. १९८४च्या अखेरीस बाजारात आलेलं मॉडेल. जगभरात पंचवीस लाखांहून जास्त बनलेलं. जर्मनीत टॅक्सी म्हणून राबलेलं. समोरच्या काचेला एकच वायपर, पण तो फिरता फिरता लांब-आखूड होतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. त्याहून जुन्या एका २४० डीची गोष्ट तर मी दहा जणांना ऐकवली असेल. ग्रीसमधले टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साखिनिदिस यांनी १९७६ची ती गाडी ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयात गेली. त्यांनी वाटेत कितीदा तरी इंजिनं बदलली, हे त्याच लेखात खाली लिहिलं होतं. तो भाग मी कुणाला ऐकवला नाही. स्वतःलाही नाही.

हिंजवडीत मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातली खोट शोधण्याचा मला पगार मिळतो. पण "जुनी मर्सिडीज डिझेल मरत नाही" हे वाक्य मी एकदाही तपासून बघितलं नाही.

घेतली आणि तीन महिन्यांत लॉकडाउन लागला. गाडी चारेक महिने जागेवर उभी. बाहेर काढली तेव्हा बॅटरी मेलेली, मागचे ब्रेक धरलेले आणि खाली तेलाचा बशीएवढा डाग. भोसरीच्या मिस्त्रींनी गाडीखालून बाहेर येत मला पहिला धडा दिला. "ताई, हिचं लोखंड अजून वीस वर्षं जाईल. पण रबर माणसासारखं असतं. चालवा नाहीतर उभी ठेवा, वय होतंच." इंजिनाचे माउंट, सस्पेन्शनचे बुश, होज पाइप, ऑइल सील. किलोमीटर कितीही कमी असोत, पंचवीस वर्षांचं रबर पंचवीस वर्षांचंच. ब्रेकचं तेलही तसंच. गाडी चालवली नाही तरी ते हवेतला ओलावा शोषत राहतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं.

एकदा ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी चावी काढली आणि इंजिन चालूच राहिलं. चावी हातात, गाडी आपली घरघरतेय, सिक्युरिटीवाले काका माझ्याकडे बघतायत. या इंजिनाला ठिणगी लागतच नाही, त्यामुळे नुसता करंट तोडून ते थांबत नाही, त्याचं डिझेल तोडावं लागतं. ते काम एक व्हॅक्यूमची बारीक नळी करते आणि तिचा रबरी जोड फाटला होता. बोनेट उघडून लिव्हर दाबायची असते, हे मिस्त्रींनी फोनवर सांगितलं. जोडाची किंमत चाळीस रुपये. हा किस्सा मी वर्षभर हसत हसत सांगितला. जुन्या गाडीची खोड म्हणून.

२०२१च्या पावसाळ्यानंतर कूलंटच्या डब्यातली पातळी उतरायला लागली. महिन्याला साधारण अर्धा लिटर. टेस्टर म्हणून मला ठाऊक आहे की एखादी गोष्ट कमी होत असेल तर ती कुठेतरी जात असते. पण मिस्त्रींकडे जायचं म्हणजे शनिवार जाणार आणि नवीन काहीतरी निघणार. मग मी बाटलीने पाणी ओतायचे. आमच्या सोसायटीचं पाणी बोअरचं, नळाच्या तोटीवर पांढरे थर बसतात असं. आठ महिने मी ते इंजिनात ओतलं. एकदा बाबांनी गॅलरीतून विचारलं, "काय घालतेस?"

"पाणी."

ते काही बोलले नाहीत. मलाही ते गप्प का झाले, हे विचारावंसं वाटलं नाही.

२०२२चा मे महिना. मामाच्या मुलीची हळद, साताऱ्याला. बाबांचं गुडघ्याचं दुखणं चालू होतं म्हणून ते घरी थांबले. मी, आई, मावशी आणि डिकीत आहेराच्या साड्या. दुपारी अडीचला आम्ही खंबाटकी घाट चढायला लागलो. एसी चालू, पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे ट्रकची रांग.

या गाडीत तापमानाचा काटा एरवी ऐंशीच्या जरा वर असतो आणि तिथून हलत नाही. दुसऱ्या वळणाला तो शंभरवर होता. मी बघितला. हे मला स्पष्ट लिहायचंय, कारण नंतर सगळ्यांना मी "कळलंच नाही" असं सांगितलं. मला कळलं होतं. आई म्हणाली, "कसला तरी गोडसर वास येतोय गं." तोही वास मला ओळखीचा होता, कूलंटचा. थांबायला जागा नव्हती हे अर्धं खरं. एका वळणावर जागा होती. पण मावशी शेजारी बसली होती आणि आई तिला गाडीचं कौतुक सांगत होती. माथ्यावर गेलं की उतार आहे, काटा येईल खाली, असं मी मनात म्हटलं. काटा लाल रेघेला टेकला, मग बोनेटच्या फटींतून वाफ आली आणि मी थांबले.

मी रेडिएटरच्या टोपणाला रुमाल गुंडाळत होते, तेवढ्यात मागच्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडत आला. "ताई, टोपण खोलू नका! तोंड भाजंल!" कुकरचं झाकण शिटीआधी उघडण्यासारखंच ते. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. टोपण सैल झालं की मात्र सगळं एकदम उसळतं. त्याने आम्हाला पाऊण तास बाजूला बसवलं. मग डब्यात डोकावून विचारलं, "कूलंट घालता का नुसतं पाणी?"

"पाणी," मी म्हटलं. पुन्हा तेच उत्तर.

आई आणि मावशी एसटीने हळदीला गेल्या. गाडी टोइंगवर भोसरीला आली.

हेड गॅस्केट उडालं होतं आणि इंजिनातल्या तेलात पाणी उतरून त्याचा दुधाळ चहा झाला होता. मूळ कारण होतं एक होज पाइप, नऊशे रुपयांचा, क्लिपपाशी चिरलेला. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या आतून आवळल्या होत्या. मिस्त्रींनी आकडा सांगितला, पंच्याऐंशी हजार, हेड सरळ होण्यासारखं असेल तर. भंगारवाल्याने साठ हजारांत उचलतो म्हणून सांगितलं. त्याच वर्षी १ एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क सहाशेवरून पाच हजार झालं होतं, पर्यावरण कर वेगळा. हिशेब अगदी सरळ होता. मी भंगारवाल्याला शनिवारी या म्हणाले.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी एकच विचारलं. "हेडच वाकलंय ना? ब्लॉक नाही ना?"

"माहीत नाही."

"मग बघूया. ब्लॉक बिडाचा असतो. हेड अॅल्युमिनियमचं, ते आधी वाकतं."

दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टा बांधून ते माझ्यासोबत गॅरेजला आले. इंजिन उघडं होतं, हेड बाकावर उपडं ठेवलेलं. बाबांनी मिस्त्रींकडून पोलादी सरळपट्टी मागितली, ती हेडवर आडवी ठेवली आणि खाली वाकून उजेड बघितला. मग फिलर गेजची पाती एकेक करून सरकवली. दहा वर्षांनी त्यांच्या हातात पाती होती, पण बोटं अडखळली नाहीत. "फेस मारून सरळ होईल," ते म्हणाले. मिस्त्रींनी मान हलवली. हात पुसायला मी त्यांना कापूस दिला तेव्हा ते हसले. "उघडल्यावर ट्रकसारखंच आहे की सगळं. मला वाटायचं, साहेब लोकांच्या गाडीत आत काहीतरी वेगळं असेल."

अडीच वर्षं त्यांनी गाडीला हात का लावला नाही, ते मला तेव्हा कळलं. आणि त्या दिवशी गॅलरीतून ते गप्प का झाले, तेही. साहेबांच्या गाडीत काय घालतात हे पोरीला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल, असं त्यांना वाटलं होतं.

भंगारवाल्याला मी येऊ नका म्हणाले. पंच्याऐंशीचे ब्याण्णव हजार झाले. माझी त्या वर्षीची हंपीची सहल आणि नवा फोन त्यात गेला. शहाणपणाचा व्यवहार होता का? नाही. एवढ्या पैशांत रिक्षा आणि मेट्रोने दोन वर्षं आरामात फिरले असते. ऑफिसला मी आजही कंपनीच्या बसनेच जाते. धूर सोडणारं जुनं डिझेल रोज रस्त्यावर काढावं असं मला वाटत नाही. पण ती बिघडली नव्हती, मी बिघडवली होती. ते तसंच टाकून द्यायला मन तयार झालं नाही.

आता दर रविवारी बाबा खाली उतरतात. गाडी थंड असताना बोनेट उघडतात, कूलंट आणि तेल बघतात, टायरची हवा बघतात, गाडीखाली पुठ्ठा टाकून कुठे ठिबकतंय का बघतात. दोनशे पानी वहीत तारीख, किलोमीटर आणि एक ओळ. बहुतेक रविवारी ती ओळ असते, "सर्व ठीक." कूलंट निम्मं आणि बॅटरीचं पाणी निम्मं, असं मिश्रण कॅनमध्ये तयार असतं. बाटलीवर त्यांनी चिठ्ठी चिकटवली आहे, "पिण्याचे नाही".

परवा टीममधल्या एका मुलाने विचारलं, अकरा वर्षांची जर्मन गाडी चार लाखांत मिळतेय, घेऊ का, भरवशाची असते ना? मी त्याला म्हटलं, चकाकी बघू नकोस, बिलांची फाइल माग. फाइल नसेल तर मागच्या सगळ्या मालकांनी न केलेला खर्च तुला करायचाय असं धर. किमतीच्या निदान चौथा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेव. मिस्त्री आधी शोध, गाडी मग. आणि डब्यातलं काही कमी होत असेल तर ते कुठे जातंय ते बघितल्याशिवाय वर ओतू नकोस.

"म्हणजे भरवशाची नाही?" तो म्हणाला.

"गाडी भरवशाची आहे," मी म्हटलं. "तिने मला घाटात दोन वळणं आधी सांगितलं होतं."

गेल्या दिवाळीत आम्ही पुन्हा साताऱ्याला निघालो. मी बाबांना किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. "तू चालव," म्हणाले आणि शेजारी बसले. "मी काटा बघतो." खंबाटकी चढताना ते पूर्ण वेळ माझ्या बाजूला झुकून बसले होते. काटा ऐंशीच्या जरा वर होता आणि हलत नव्हता. तिसऱ्या वळणाला ते म्हणाले, "तरीपण एसी बंद कर."

मी बंद केला.