वळचणीचं बिऱ्हाड

दिवेलागणीला अंगणात उभं राहून छपराकडे पाहत राहावं. आधी काहीच दिसत नाही. मग आढ्याजवळच्या एका फटीतून काळा ठिपका निसटतो, खाली पडतोय असं वाटेतो सावरतो आणि माडांच्या शेंड्यांकडे जातो. मागोमाग दुसरा, तिसरा. कोकणातल्या कौलारू घरात पाकोळ्या, म्हणजे लहान वटवाघळं, नको असतील तर कामाची सुरुवात इथून होते, कारण त्यांची वाट त्याच दाखवतात.

दिवसाही खुणा सापडतात. येता-जाता अंग घासून फटीच्या कडेला तेलकट, काळपट डाग पडलेला असतो. माळ्यावर लेंड्या. उंदराच्या वाटतात, पण काडीने दाबल्या की भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचा चुरा चमचमतो.

लोक डांबरगोळ्या टाकतात, धूर करतात. मला ते मुळीच पटत नाही. वटवाघूळ कुरतडत नाही, भोक पाडत नाही. बोटभर फट आयती मिळाली तरच आत शिरतं. दुरुस्ती करायची ती घराची: सरकलेलं कौल, वाशाच्या टोकाशी सुटलेला चुना.

पण केव्हा? पावसाआधी कौलं चाळायची आपली रीत, आणि नेमकी त्याच सुमारास बऱ्याच जातींच्या माद्यांना पिल्लं असतात. उघडी, गुलाबी. काही आठवडे त्यांना उडता येत नाही; आई चरायला गेली की ती वाशाला लटकून मागे राहतात. त्या संध्याकाळी कुणी फट लिंपली, तर आई बाहेर आणि पिल्लू आत, भुकेनं मरायला. हे आपल्या हातून होऊ नये असं मला फार वाटतं. काही लहान पाकोळ्या तर वर्षातून एकाहून अधिक वेळा वितात. म्हणून पंचांगावर न विसंबता बॅटरी घेऊन माळ्यावर चढावं, नीट बघावं.

पिल्लं उडू लागली की फटीवर बारीक जाळी टांगायची: वरून आणि बाजूंनी पक्की, खालून मोकळी, भिंतीवर हात-दीड हात उतरणारी. पाकोळी जाळीमागून सरपटत खाली येते आणि सुटते. परतताना मात्र जुन्या फटीपाशीच घोटाळते. खालून शिरायचं तिला उमगत नाही. काही रात्री जाळी राहू द्यावी, आतून बाहेर येणारं कुणी उरलं नाही की चुना कालवावा. लेंड्या झाडण्याआधी पाणी शिंपडावं, नाक-तोंड बांधावं. ती कोरडी धूळ छातीला वाईट. आणि जाळी लावण्याआधीच गोठ्याच्या वळचणीला खालून उघडी, अरुंद लाकडी पेटी ठोकून ठेवावी. काहीजणी तिथे बिऱ्हाड करतीलही. किडे टिपायला त्या अंगणात हव्याच आहेत.