गिअर का पडत नाही?

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्या काळात माझे बालपण गेले. आमच्या सायकलींना गिअर नसत. फार तर चेन उतरे. ती बोटांनी दात्यांवर बसवायची, काळे हात चड्डीला पुसायचे आणि पुढे निघायचे, एवढेच आमचे यंत्रज्ञान. मुलाच्या गिअरच्या सायकलीतले मला काही कळत नाही, हे मी खरे तर तेव्हाच मान्य करायला हवे होते.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तो म्हणाला, "बाबा, गिअर नीट पडत नाहीत. चेन मधेच उडी मारते."

"वस्तू जपून वापरली की बिघडत नाही," मी उत्तरलो.

तो गप्प राहिला. पुढे त्याने सायकल सोडली आणि तो बसने जाऊ लागला. त्याच्या या वागण्याला मी 'धरसोड वृत्ती' असे नाव देऊन टाकले.

गेल्या वर्षी तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि सायकल माझ्या वाट्याला आली. चांदणी चौकाच्या चढावर चेन खडखडली, घसरली आणि मला उतरावे लागले. घरी येऊन मी पेचकस घेतला. चेनला एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर नेणाऱ्या डिरेलरवर दोन लहान स्क्रू दिसले. दिसले म्हणून फिरवले. जेमतेम चालणारे दोन गिअरही त्यामुळे गेले.

शेवटी सायकल एका जुन्या कारागिराकडे नेली. त्याने हत्याराला हातही लावला नाही. तो मागच्या चाकामागे उकिडवा बसून बराच वेळ नुसता पाहत राहिला. मग म्हणाला, "हे स्क्रू म्हणजे फक्त सीमा. चेन एका टोकाला आऱ्यांत जाऊ नये, दुसऱ्या टोकाला फ्रेमवर पडू नये, एवढेच त्यांचे काम. मधल्या गिअरांचा हिशेब केबलच्या ताणावर. चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरली, तर केबलच्या टोकाची चकरी डावीकडे अर्धा फेरा फिरवायची. केबल गंजलेली असेल किंवा चेन झिजलेली असेल, तर ती बदलायची. पण या सगळ्याच्या आधी हँगर पाहायचा."

हँगर म्हणजे डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो धातूचा लहानसा तुकडा. आठ चकत्यांच्या संचात शेजारच्या दोन चकत्यांच्या मध्यांमधले अंतर पाच मिलिमीटरहूनही कमी असते. हँगर किंचित आत वाकला, तरी एक गिअर जुळवावा तो दुसरा बिघडतो.

"साहेब, सायकल कधी उजव्या अंगावर पडली होती का?"

'मुलगा कशीही वापरत असे,' हे वाक्य माझ्या ओठांवर आले आणि तिथेच थांबले. पावसाळ्यातली एक सकाळ आठवली. स्कूटर बाहेर काढण्याच्या घाईत मी मधली सायकल ढकलली होती. ती उजवीकडे कोसळली. मी ती उभी केली आणि कोणाला काही बोललो नाही. मुलाची तक्रार त्यानंतर आठवडाभराने आली होती.

कारागिराने लांब दांडीचे एक माप हँगरमध्ये बसवले, चाकाच्या रिमपासून चारही बाजूंचे अंतर तपासले आणि तो तुकडा हलक्या हाताने सरळ केला. मग सीमा लावल्या, नंतर केबलचा ताण जुळवला. सारे काम वीस मिनिटांचे होते.

रात्री मुलाला फोन केला. "तुझ्या सायकलीचा हँगर वाकला होता. ती माझ्या हातून पडली होती, तुझ्या नव्हे. तेव्हा मी उगीच बोललो."

पलीकडे क्षणभर शांतता होती.

"आता पडतात गिअर?" त्याने विचारले.

"पडतात."

"आठही?"

"आठही."

"मग दिवाळीला आलो की इकडे घेऊन जाईन म्हणतो," तो म्हणाला.