पैठणची वाट आणि इटलीची द्राक्षमदिरा

छत्रपति संभाजीनगराहून (पूर्वीच्या औरंगाबादेहून) दक्षिणेस निघालें म्हणजे सुमारें पन्नास किलोमीटरांवर पैठण लागतें. यात्रेकरूंची दृष्टि येथें नाथमहाराजांच्या समाधीकडे, गृहिणींची पैठणीच्या मागांकडे, व तरुण मंडळींची नाथसागराच्या विस्तीर्ण पाण्याकडे लागलेली असते. आम्हीं हीं तिन्ही स्थळें मनसोक्त पाहिलीं; परंतु ज्या गोष्टीच्या शोधांत आम्ही मुद्दाम गेलों होतों, तिचें नांव सोवळ्या घरांत काढणें जरा अवघडच. ती गोष्ट म्हणजे इटलीची द्राक्षमदिरा.

वाचकांनीं दचकूं नये. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या व्यापाराची एक चोपडी लिहून ठेविली आहे. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. भरुचच्या बंदरीं काय खपतें याची यादी देतांना तो मदिरेचें नांव सर्वांच्या आधीं घेतो, आणि लगेच सांगतो कीं तींतही इटलीची विशेष पसंत पडते. लाओडिकियाची व अरबस्तानची तिच्या मागून. याच भरुचेहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, तेथून गोमेदासारखे दगड गाड्यांतून येतात, असें तो पुढें लिहितो. व मधल्या मुलुखांत धड रस्ते नाहींत अशी कुरकुरही करतो. ही कुरकुर आज अगदींच निराधार झाली आहे, असें आमच्यानें म्हणवत नाहीं.

दगड घेऊन गेलेल्या गाड्या परततांना रिकाम्या येत असतील काय? याचें उत्तर पैठणापेक्षां नेवाशास अधिक चांगलें मिळतें. ज्या प्रवराकांठीं ज्ञानेश्वरांनीं भावार्थदीपिका सांगितली, त्याच ठिकाणीं 1954 ते 1956 या काळांत डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळियांनीं उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनकालीन थरांत रोमन मद्यकुंभांचीं खापरें निघालीं. धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथेंही अशीं खापरें सांपडलीं आहेत. हा कुंभ दोन कानांचा, अरुंद गळ्याचा व टोंकदार बुडाचा असतो. जहाजाच्या पोटांत तो वाळूंत रोंवून उभा करीत. एकांत साधारण पंचवीस लिटर मद्य मावे, आणि आंतून राळ फांसलेली असे. पश्चिम हिंदुस्थानांत रोमन म्हणून गणलेलीं पुष्कळ खापरें वस्तुतः इराणी आखाताकडील आहेत, असें अलीकडील अभ्यासकांनीं दाखविलें आहे. तरी अस्सल इटालियन मातीचे तुकडेही उरतातच. वेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरांतील काळी वाळू त्यांच्या मातींत मिसळलेली असते, व तीच त्यांची ओळख पटविते.

आतां या मद्याच्या प्रवासाची कल्पना करा. इटलीहून अलेक्झांड्रिया, तेथून नाईलमधून वर, मग उंटांवरून वाळवंट, तांबडा समुद्र, मोसमी वाऱ्यावर भरुच, आणि शेवटीं बैलगाडी! एवढ्या उन्हांत तें नासलें कसें नाहीं? याचें कारण रोमन लोकांच्या रीतींत आहे. ते मद्य मुरविण्यासाठीं कुंभ चुलीवरच्या माळ्यावर ठेवीत व त्यास ऊब आणि धूर देत. इसवी सनापूर्वी 121 या वर्षीचें प्रसिद्ध मद्य आपल्या काळापर्यंत टिकून मधासारखें दाट व कडवट झालें होतें, असें प्लिनि लिहितो. जुनें तें चांगलें, हें मत आपल्याकडेही होतेंच: नवें मद्य जड व त्रिदोषकारक, जुनें त्याच्या उलट, असें वाग्भटानें म्हटलें आहे, आणि कौटिल्यानें द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ हें नांव देऊन त्याचे देशपरत्वें प्रकारही नोंदले आहेत.

आजची इटालियन तांबडी मदिरा मात्र नाजूक प्रकृतीची. उत्तरेकडील बारोलो घ्या. नेब्बिओलो द्राक्षांची ही मदिरा तीन वर्षांहून अधिक मुरल्याविना विकण्यास तेथील कायदा मनाई करतो, व त्यांतील दीड वर्ष तरी ती लांकडी पिंपांत काढते. प्रथम ती हिरड्यासारखी तुरट लागते. बाटलींत वर्षें लोटलीं म्हणजे तुरटपणाचे कण एकमेकांस चिकटून गाळ होऊन तळीं बसतात, रंग विटकरी होतो, आणि गुलाब व डांबर यांचा चमत्कारिक एकत्र वास येतो. परंतु हें सर्व बारा ते पंधरा अंशांच्या थंडाव्यांत, अंधारांत, बाटली आडवी ठेवून बूच ओलें राहिलें तरच. संभाजीनगरचा मे महिना चाळीस अंशांचा!

या नियमाचा प्रत्यय आम्हांस पैठणच्या एका जुन्या वाड्यांत आला. घरचे चिरंजीव इटलींत नोकरीस होते. कन्या जन्मली त्या सालच्या बारोलोच्या दोन बाटल्या त्यांनीं आणल्या. मुलगी सज्ञान झाली कीं त्या फोडावयाच्या, असा बेत. एक त्यांनीं माळ्यावर ठेविली. दुसरी देवघराशेजारच्या कपाटांत काकूंच्या दृष्टीस पडली, आणि विटाळ नको म्हणून त्या माउलीनें ती गड्याकरवीं तळघरांत, जुन्या धान्याच्या खोलींत, नेऊन टाकविली. पांच वर्षें या बाटलीवरून घरांत अबोला होता.

आम्ही गेलों तेव्हां माळ्यावरची उघडली. बूच वर सरकलेलें, बाहेर चिकट ओघळ. पेला पांढऱ्या कापडावर तिरपा धरला तर कडेस विटकरी नव्हे, तपकिरी रंग. वास शिजलेल्या मनुकांचा, चव आंबट. चिरंजिवांनीं एक घोट घेतला आणि पेला खालीं ठेविला. मग दिवा घेऊन आम्ही सर्व तळघरांत उतरलों. दुसरी बाटली धुळींत आडवी पडलेली, बूच जागच्या जागीं, ओघळ नाहीं. तेथील हवा इटलीची नव्हे. पण उन्हाळ्यांतही अंगावर गारवा येई. ती वांचली असेल कीं नाहीं, हें उघडल्याविना कळणार नाहीं, व उघडावयास कोणीच धजेना.

काकूंस मदिरेचें कौतुक मुळींच नाहीं, आणि त्यांच्या बाजूस बळ नाहीं असें नव्हे. 2016 च्या दुष्काळांत औरंगाबाद खंडपीठास मद्याच्या कारखान्यांच्या पाण्यांत कपात करण्याचा आदेश द्यावा लागला, हें त्या विसरल्या नाहींत. उलट चिरंजिवांचें म्हणणें, सोलापूर जिल्ह्यांत अकलूजला इटालियन बंधूंच्या भागीदारींत सांजिओवेसे ही त्यांच्या देशची द्राक्षें लाविलीं असून त्यांची मदिरा तयार होते. मग आपल्या मातीस दोष कां द्यावा? वाद मिटला नाहीं. मात्र तळघराची किल्ली त्या दिवशीं काकूंनीं आपल्या कनवटीस लाविली, आणि ‘पोरगी मोठी होईपर्यंत कोणी खालीं उतरावयाचें नाहीं’ असें बजावलें. पोरगी आतां अकरा वर्षांची आहे.