प्रकीर्णन, प्रमाण-नमुना आणि नागपूरचा उन्हाळा

शरीरातील ऊतींमधून जाणारा प्रकाश सरळ रेषेत प्रवास करीत नाही. पेशींतील सूक्ष्म घटक आणि कोलॅजनचे तंतू यांमुळे तो पुनःपुन्हा दिशा बदलतो, आणि यालाच प्रकीर्णन म्हणतात. सुमारे 650 ते 900 नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात रक्त व पाणी यांचे शोषण इतके कमी असते की प्रकाश काही सेंटिमीटर खोल शिरून परत येऊ शकतो; मात्र परतलेला प्रकाश क्षीण झाला तो शोषणामुळे की प्रकीर्णनामुळे, हे एकाच मापनावरून ठरवता येत नाही. म्हणून प्रकाशाच्या साहाय्याने ऊतींच्या प्रतिमा घेणाऱ्या प्रतिमांकनात उपकरणाचे अंशशोधन, म्हणजेच कॅलिब्रेशन, हा कामाचा गाभा असतो.

त्यासाठी ज्याचे दोन्ही गुणधर्म आधीच ज्ञात आहेत असा कृत्रिम नमुना, म्हणजे फँटम, लागतो. रुग्णाला शिरेतून दिले जाणारे इंट्रालिपिड हे स्निग्ध पायस पाण्यात मिसळले की त्यातील तेलाचे सूक्ष्म कण प्रकीर्णन घडवतात, तर काळ्या शाईने शोषण वाढते. या नमुन्यावरील प्रत्यक्ष मापन आणि सिद्धान्तानुसार अपेक्षित मापन यांच्या गुणोत्तरातून उपकरणाचा स्वतःचा वाटा वेगळा काढता येतो. त्यानंतर अंशशोधनात न वापरलेल्या दुसऱ्या फँटमवर त्याची पडताळणी करणे अपरिहार्य असते.

नागपुरात हे काम करताना प्रस्तुत लेखकाला आलेला अनुभव असा, की पाठ्यग्रंथांत गृहीत धरलेले स्थिर तापमान मे महिन्यात सहजासहजी मिळत नाही. बाहेर पारा 45 अंशांच्या पुढे असताना उघड्या पात्रातील फँटममधून पाणी उडून जाते, मिश्रण दाट होते आणि प्रकीर्णन हळूहळू वाढते; खोलीत कूलर लावावा तर दमट हवेतील बाष्प भिंगांवर साचते. लेसर डायोडची तरंगलांबीही दर अंशाला साधारण 0.3 नॅनोमीटरने सरकते, त्यामुळे 20 अंशांच्या फरकाने ती 6 नॅनोमीटर ढळते, आणि 760 नॅनोमीटरच्या आसपास, जिथे ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनचे शोषण झपाट्याने बदलते, तिथे एवढा ढळ रक्तातील ऑक्सिजनचा अंदाज बिघडवण्यास पुरेसा असतो. म्हणून झाकलेले पात्र, ताजे मिश्रण आणि प्रत्येक मापनसत्राच्या आधी व नंतर फँटमची नोंद हा शिरस्ता येथे चैनीचा नसून आवश्यक ठरला.

या काटेकोरपणाची गरज विदर्भात विशेष आहे, कारण येथे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर तांबडा व अवरक्त अशा दोन प्रकाशांच्या शोषणाचे गुणोत्तर काढतो, आणि त्याचे टक्क्यांत रूपांतर करणारे कोष्टक निरोगी स्वयंसेवकांवरून बनवलेले असते. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी फुटल्याने कार्बन मोनॉक्साइडशी बांधलेले हिमोग्लोबिन वाढते आणि दोन तरंगलांबींचे हे यंत्र त्याला ऑक्सिजनयुक्त समजते. त्वचेच्या गडद वर्णानेही फरक पडतो: 2020 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑक्सिजनची छुपी कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट वेळा नजरेतून सुटल्याचे आढळले. म्हणून येथील फँटमवर मेलॅनिनयुक्त पातळ थर असावा आणि सिकलसेलच्या रुग्णांसाठीचे अंशशोधन त्यांच्याच धमनीतील रक्ताच्या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणाऱ्या को-ऑक्सिमीटरवरील तपासणीशी ताडून पाहावे, असे लेखकाचे आग्रहाचे मत आहे.