दोन किलो

धाकट्या जाऊला क्षय निघाला तेव्हा तिचं वजन 38 किलो होतं. बांगड्या मनगटावर ठरत नव्हत्या, हात वर केला की थेट कोपरापर्यंत घसरायच्या. सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळाल्या. तिथल्या बाईंनी बजावलं, "हिचं वजन वाढलं पाहिजे." ते मात्र आमच्याच वाणसामानाच्या यादीतून वाढवायचं होतं.

रेशनवर माणशी 5 किलो धान्य येतं, तेव्हा भाकरी-भाताची ददात नाही. घर अडतं ते डाळ, तेल, दूध आणि अंड्यांपाशी. वजन वाढवणाऱ्या पावडरचा डबा आणू या, असं घरात निघालं. मी आणू दिला नाही. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी आणि 25 ग्रॅम प्रथिनं असतात. एवढं भरीव आणि एवढं आवाक्यातलं अन्न मला तरी दुसरं ठाऊक नाही.

दाणे लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचे. साल तडकायला लागलं की उतरवायचे, सुपात चोळून पाखडायचे. खलबत्त्यात गुळाबरोबर कुटताना त्यांना तेल सुटतं आणि त्या तेलावरच लाडू वळतो, तुपाचा थेंब लागत नाही. गरम असतानाच वळावा. त्या वासाने तिची मान पहिल्यांदा स्वयंपाकघराकडे वळली.

तोवर भूक मेलेलीच होती. अर्ध्या भाकरीवर "अक्का, बास" म्हणायची. मग ताट मोठं करायचा हट्ट सोडला आणि खाण्याच्या वेळा वाढवल्या. आमटीत दाण्याचं कूट, भातावर चमचाभर कच्चं तेल, सकाळी अंडं, दुपारी केळं, निजताना लाडू. हळूहळू तिला भूक लागायला लागली, आणि काटाही हलला.

झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी क्षयरोग्यांना औषधांबरोबर महिन्याला 10 किलो शिधा दिला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल असा. 2023 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन 5 टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. जिथे घरातल्या इतरांनाही शिधा मिळाला, तिथे नवे रुग्णही कमी झाले. 38 किलोचे 5 टक्के म्हणजे दोन किलोसुद्धा नाहीत. वरण, तेल आणि दाण्यांतून येणाऱ्या या दोन किलोंवर एक जीव तोललेला असतो!

आणि हा जीव कित्येकदा घरात सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईचा असतो. पातेल्याच्या तळाची आमटी तिची, गार भाकरी तिची. अवचित पाहुणा आला की कमी पडतो तो तिचाच घास. पोटाला चिमटा घेणं तिच्या इतकं अंगवळणी पडतं की विचारलं तर "जेवले मी" हेच उत्तर येतं. मला याचा फार राग येतो.

नोव्हेंबर 2024 पासून क्षयरोग्याला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना 1000 रुपये सरकारकडून बँक खात्यात मिळतात. तुमच्या घरी कुणाच्या गोळ्या चालू असतील तर ते पैसे वीजबिलात जिरू देऊ नका. त्यांची डाळ, अंडी, दाणे आणा, आणि पहिलं ताट तिचं वाढा.