चक्रवाकदर्शन

पौषांतील एका रविवारीं आम्ही घरचीं नऊ माणसें पुण्याच्या बंडगार्डनला, मुळामुठेच्या कांठीं, पाणपक्षी पाहावयास गेलों. चक्रवाकाचें एक नारिंगी जोडपें कोंवळ्या उन्हांत बसलें होतें. मेघदूतांतील यक्षानें पत्नीस चक्रवाकीची उपमा दिली आहे. ती मीं ३० वर्षें शिकविली. पक्षी मात्र प्रथमच पाहिला!

"आजोबा, हीं दोघें रात्रभर दोन कांठांवर रडतात ना?" नातीनें विचारलें.

वस्तुतः लडाख-तिबेटाकडून हिंवाळ्यापुरतीं येणारीं हीं पांखरें बहुधा रात्रींच चरतात व एकमेकांस हांका देतात. कवींना त्यांत विरह ऐकूं आला. मुलांची आई हयात असती, तर तिनें कवींचीच बाजू घेतली असती.

पाण्याची दुर्गंधी असह्य होऊन मंडळी उठली. नात मात्र हलेना.