रे रोड

हार्बरच्या गाडीने रोज कॉलेजला येणाऱ्या माझ्या मैत्रिणींना रे रोड म्हणजे उगीचच घेतलेला एक थांबा वाटतो. दुपारी चार माणसं उतरतात, दोन चढतात. पण १९१० साली कुर्ल्याहून निघालेला लोहमार्ग इथेच येऊन संपत असे, हे कितीजणींना ठाऊक असेल? एके काळचं शेवटचं स्टेशन ते! १९२५ साली रूळ पुढे बोरीबंदरपर्यंत गेले. ३ फेब्रुवारीला देशातली पहिली विजेवरची आगगाडी याच मार्गाने कुर्ल्याला धावली, आणि रे रोडचा मान गेला. नाव मात्र राहिलं, १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचं.

बाबा इथेच उतरत. शेजारच्या दारूखान्यात (गैरसमज नको, ही बंदुकीची दारू!) मोडलेल्या जहाजांच्या लोखंडाची एक वखार होती, तिचे हिशेब ते सव्वीस वर्षं लिहीत होते. घरी परतले की त्यांच्या सदऱ्याला गंजाचा वास यायचा. लहानपणी मला तो समुद्राचाच वास वाटे.

दिवाळीनंतर वखार बंद झाली. पण तिमाही पास आधीच काढलेला, त्याला अजून महिना आहे. बाबा रोज सकाळी आठ दहाची गाडी पकडतात, डबा घेऊन. तिथल्या बाकावर बसतात म्हणे, गाड्या पाहत.

मी आईला म्हटलं, "त्यांना सांग ना घरी थांबायला."

आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "पास संपू दे आधी."